उतारशाळेच्या रक्षकाचे देणे

ऑगस्ट २०२४ हा महिना आपल्या देशाच्या स्मरणातून सहजासहजी जाणारा नाही. ९ ऑगस्ट रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. त्याच महिन्यात बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची वार्ता बाहेर आली आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिक रेल्वेरुळांवर उतरले. शिक्षा, फाशी, कायदा, पोलीस यांविषयी पुष्कळ बोलले गेले, आणि ते बोलले जाणे आवश्यकच होते. परंतु या सर्व चर्चेत एका प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. गर्दी पांगल्यानंतर आणि वृत्तपत्रांचे मथळे बदलल्यानंतर अशा मुलीजवळ, तिच्या आईजवळ कोण बसते? पोलीस ठाण्यात, रुग्णालयात, न्यायालयाच्या पायरीवर त्यांच्यासोबत कोण उभे राहते? आणि जी व्यक्ती उभी राहते, तिच्या पाठीशी कोण असते?

लैंगिक अत्याचार सोसलेल्यांची सेवा करणाऱ्या समुपदेशक, परिचारिका, समाजसेविका, धर्मभगिनी आणि वस्तीतील कार्यकर्त्या यांच्याविषयी आम्हांला येथे थोडा विचार मांडावयाचा आहे. त्यांची स्तुती करणे सोपे आहे. त्यांचे देणे फेडणे हा निराळा विषय आहे.

सात रस्ते

सोलापुरातील सात रस्ता चौक सर्वांच्या परिचयाचा आहे. नावाप्रमाणेच तेथे अनेक वाटा एकत्र मिळतात. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला किंवा बालकाला मात्र एका वाटेने जाऊन भागत नाही. तिला जणू सातही रस्ते चालावे लागतात.

पहिला रस्ता पोलीस ठाण्याचा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, तो नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हे स्पष्ट केले आहे. दुसरा रस्ता रुग्णालयाचा. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा रुग्णावर तत्काळ आणि विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. तिसरा रस्ता ‘सखी’ वन स्टॉप सेंटरचा. १ एप्रिल २०१५ पासून केंद्र सरकारने निर्भया निधीतून ही योजना सुरू केली. तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, पोलीस साहाय्य, कायद्याचा सल्ला आणि समुपदेशन एकाच छपराखाली मिळावे हा तिचा हेतू आहे. चौथा रस्ता बालकल्याण समितीचा, कारण पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर तिच्या संरक्षणाचा विचार या समितीला करावा लागतो. पाचवा रस्ता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. मोफत वकील आणि राज्य शासनाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘मनोधैर्य’ योजनेचे अर्थसाहाय्य तेथून मिळते. सहावा रस्ता न्यायालयाचा. सातवा, आणि बहुधा सर्वांत खडतर, घराकडे परत जाण्याचा.

हे सर्व कागदावर उत्तम आहे. परंतु करमाळा किंवा माळशिरस तालुक्यातून शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून जिल्ह्याच्या ठिकाणी आलेल्या मजूर आईला यांतील एकही दार ठाऊक नसते. कायद्याचा लाभ तिला मिळतो तो हात धरून नेणारे कोणीतरी भेटले तरच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) असे आढळले, की शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. ज्या थोड्या बोलतात, त्या विश्वासातल्या माणसाशी बोलतात. म्हणून ही सारी व्यवस्था अखेरीस त्या माणसाच्या खांद्यावर उभी असते. तो खांदा खचला तर सातही रस्ते असूनही नसल्यासारखे होतात.

या सेवेची परंपरा

महाराष्ट्रात ही सेवा नवी नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले व प्रार्थना समाजाने ते चालविले. ज्या विधवांना फसविले गेले, ज्यांच्यावर बळजबरी झाली आणि ज्यांना घरच्यांनी तीर्थक्षेत्री सोडून दिले, त्यांना आणि त्यांच्या मुलांना तेथे आसरा मिळाला. त्याआधी १८६३ मध्ये महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात असेच गृह उघडले होते.

पुणे–सोलापूर लोहमार्गावर केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळानंतर मुक्तिसदन उभारले. दुष्काळात अन्नाच्या आमिषाने मुलींना पळविणाऱ्यांच्या तावडीतून त्यांनी अनेकींना सोडविले, आणि समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ नावाचा स्वतंत्र विभाग चालविला. त्या कार्याची एक गोष्ट आजही ध्यानात घेण्यासारखी आहे. जखमी होऊन आलेल्या मुलीच पुढे तेथे शिक्षिका, परिचारिका व देखरेख करणाऱ्या झाल्या. त्यांना शिक्षण मिळाले, हाताला काम मिळाले, सोबत मिळाली आणि मगच त्या दुसऱ्यांचा आधार बनल्या.

अलीकडच्या काळात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसावी ही त्यामागील कल्पना. पुढे राज्य शासनाने ती स्वीकारली. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र उघडले व परिचारिकांना या कामाचे शिक्षण दिले. थोडक्यात, ही व्यवस्था कशी उभी करावी हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती चालविणाऱ्यांना कसे सांभाळावे, हे मात्र अजून शिकावयाचे आहे.

आपल्याच वस्तीतील कार्यकर्ती

सोलापूरचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा शेजारी शेजारी नांदतात. यंत्रमागावर आणि विडी वळण्यावर कित्येक कुटुंबांची गुजराण झाली आहे. कुंभारी येथे २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती जणू एक गावच आहे. अशा ठिकाणी घडलेला अत्याचार शब्दांत सांगावयाचा तर तो मातृभाषेतच सांगता येतो. तेलुगू बोलणारी मुलगी मराठी जबाबात अडखळते. अक्कलकोटच्या सीमेवरील कन्नड आजीला न्यायालयाची भाषा परकी वाटते. म्हणून त्याच समाजातली, त्याच भाषेची कार्यकर्ती लागते. तिच्यावाचून बंद ओठ उघडत नाहीत.

परंतु जे तिचे बळ, तेच तिचे ओझे ठरते. ती जेथे राहते, तेथेच पीडितेचे कुटुंब राहते आणि पुष्कळदा आरोपीचेही. पाणी भरताना, लग्नात, बाजारात, देवालयात तिला त्यांना भेटावे लागते. तिला जे ठाऊक असते ते ती कोणालाही सांगू शकत नाही, आणि ‘तुला सगळे ठाऊक आहे’ हे मात्र सर्वांना ठाऊक असते. नातेवाईक तिच्यामार्फत तडजोडीचा निरोप धाडतात. तिच्या स्वतःच्या घरातही विचारणा होते, ‘दुसऱ्यांच्या भानगडीत तू का पडतेस?’ कार्यालयाची वेळ संपली तरी तिचे काम संपत नाही. रात्री दार वाजते ते तिचेच.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. पॅसिफिक महासागरातील बेटांवर व तेथून न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या सामोआ, टोंगा, फिजी आदी समाजांत हाच अनुभव येतो. २०२३ च्या जनगणनेनुसार न्यूझीलंडच्या लोकसंख्येत पॅसिफिक समाजांचे प्रमाण सुमारे ९ टक्के आहे. हे समाज बहुतांशी ख्रिस्ती आहेत. कुटुंब आणि चर्च हेच त्यांच्या जीवनाचे केंद्र. त्यांच्यातील स्त्री जेव्हा लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी काम करते, तेव्हा पीडित, आरोपी आणि ती स्वतः रविवारी एकाच मंदिरात प्रार्थनेला येण्याचा संभव असतो. म्हणून तिला लागणारा आधार बाहेरून आणलेल्या साच्यात बसत नाही. तेथे ‘टालानोआ’ म्हणजे घाई न करता, समोरासमोर बसून, मनमोकळे बोलण्याची जुनी रीत आहे, आणि ‘वा’ म्हणजे माणसामाणसांतील नात्याचा अवकाश जपण्याचा संस्कार आहे. कार्यकर्तीला सांभाळतानाही याच रीतींचा आधार घ्यावा, तिच्या समाजातील जाणत्या व्यक्तीने तिला सोबत करावी, हा तेथील विचार आहे. फिजीची राजधानी सुवा येथे १९८४ साली, म्हणजे मुंबईचा विशेष कक्ष सुरू झाला त्याच वर्षी, महिला संकट केंद्र स्थापन झाले. ते केंद्र इतर बेटांवरील कार्यकर्त्यांनाही प्रशिक्षण देत आले आहे. हजारो मैलांवरील या लहान समाजांनी ओळखलेली गोष्ट आपणही ओळखू शकतो. ती अशी, की समाजातून आलेल्या सेविकेला समाजानेच सांभाळले पाहिजे.

तीन ओझी

या सेविकांचे पहिले ओझे मनाचे असते. दुसऱ्याची वेदना दररोज ऐकणाऱ्याच्या मनावरही घाव पडतो, हे मानसशास्त्राने १९९० च्या दशकापासून विस्ताराने मांडले आहे. त्यास ‘परोक्ष आघात’ असे म्हणता येईल. झोप उडते, नको ती दृश्ये डोळ्यांसमोर येतात, स्वतःच्या मुलांविषयी सतत भय वाटते, माणसांवरील विश्वास उडतो, आणि कधी कधी याच्या उलट घडून मन बधिर होते. हा दुबळेपणा नव्हे. हा त्या कामाचाच परिणाम आहे. अग्निशमन दलाच्या जवानाला आपण आगीपासून बचावाची साधने देतो. ऐकणाऱ्याला मात्र आपण काहीच देत नाही. नियमितपणे एखाद्या अनुभवी व्यक्तीपुढे आपला भार उतरविण्याची सोय आणि हक्काची विश्रांती, ही त्याची साधने आहेत.

दुसरे ओझे पोटाचे. या क्षेत्रातील अनेक पदे कंत्राटी किंवा मानधनावरची असतात. ‘पोक्सो’ म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांनुसार बालकाला तपासापासून खटल्यापर्यंत सोबत करण्यासाठी बालकल्याण समिती ‘आधारव्यक्ती’ नेमू शकते. तिला किमान वेतन कायद्यानुसार कुशल कामगाराला मिळते त्याहून कमी मोबदला देऊ नये असेही हे नियम सांगतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आधारव्यक्तींच्या नेमणुकीकडे, प्रशिक्षणाकडे आणि योग्य मोबदल्याकडे शासनाचे लक्ष वेधले. म्हणजे योग्य वेतन ही दया नसून कायद्याने मान्य केलेली गोष्ट आहे.

तिसरे ओझे भयाचे. १९९२ साली राजस्थानातील भटेरी गावी बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या शासनाच्याच महिला विकास कार्यक्रमातील ‘साथिन’ होत्या. आपले नेमून दिलेले काम केल्याबद्दल त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची तक्रार त्यांनी केली. त्यातूनच १९९७ चा ‘विशाखा’ निर्णय आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. देशातील लाखो नोकरदार स्त्रियांना मिळालेले संरक्षण एका ग्रामसेविकेच्या जखमेतून आले आहे. तरीही भय सरलेले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटण येथील शासकीय रुग्णालयातील एका तरुण डॉक्टर स्त्रीने जीवन संपविले. पोलीस खात्यातील एका अधिकाऱ्याने आपल्यावर अत्याचार केल्याचा आरोप तिने तळहातावर लिहून ठेवला होता, आणि वैद्यकीय अहवालांबाबत दबाव येत असल्याची तक्रारही तिने पूर्वी केली होती. सत्य काय ते न्यायालय ठरवील. परंतु ज्यांच्या लेखणीवर पीडितांचा न्याय अवलंबून असतो, त्या स्वतः किती एकाकी असू शकतात, हे या घटनेने सर्वांपुढे आणले.

‘सेवा’ या शब्दाचा आडोसा

ख्रिस्ती समाजात ‘सेवा’ हा शब्द पवित्र आहे. रुग्णालये, अनाथालये, शाळा याच शब्दातून उभ्या राहिल्या. परंतु या शब्दाचा आडोसाही होऊ शकतो. ‘त्या तर सेवा करतात’ असे म्हटले, की त्यांना वेळेवर वेतन मिळते काय, रजा मिळते काय, त्या रात्री घरी कशा पोहोचतात, हे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपणांपैकी प्रत्येकाला बालपणापासून ठाऊक आहे. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी घायाळ केलेल्या माणसाला पाहून दोघे बाजूने निघून गेले, शोमरोनी थांबला. आपण सहसा येथे थांबतो आणि शोमरोन्याचे गुण गातो. पण लूकच्या शुभवर्तमानातील ती कथा पुढे जाते. शोमरोनी त्या माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर स्वतः त्याची शुश्रूषा करतो, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन दीनार ठेवतो. अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन, असे वचनही देतो. त्यानंतरचे दिवस जखमा धुणारा, अन्न भरविणारा, रात्री कण्हणे ऐकून उठणारा तो रक्षकच असतो. शोमरोनी त्याला ‘देवासाठी फुकट कर’ असे सांगत नाही. तो आधी देतो, अधिक लागेल हे मान्य करतो आणि परत येण्याचे वचन देतो.

या तीन गोष्टींत सेविकांना आधार देण्याचे सारे धोरण सामावलेले आहे असे आम्हांस वाटते. त्यांचा मोबदला वेळेवर मिळाला पाहिजे, त्यांचे काम ठरविल्यापेक्षा अधिक खर्ची पाडणारे असते हे मान्य झाले पाहिजे, आणि कोणीतरी परत परत येऊन त्यांची विचारपूस केली पाहिजे.

आपण काय करू शकतो

शासनाकडून अपेक्षा स्पष्ट आहेत. मानधन वेळेवर द्यावे. एका कार्यकर्तीवर किती प्रकरणे सोपवावीत याची मर्यादा असावी. जिल्ह्याच्या भाषा जाणणाऱ्या व्यक्ती नेमाव्यात. साक्षीसाठी येण्याजाण्याचा खर्च व संरक्षण द्यावे. आणि त्यांच्या स्वतःच्या समुपदेशनाची तरतूद करावी. जागृत नागरिक म्हणून या मागण्या आपण लोकप्रतिनिधींपुढे मांडू शकतो.

धर्मग्रामात तर आपणांस कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट मौनाची. आपल्यातील एखादी भगिनी असे काम करीत असेल, तर तिला ‘ती कोण? कोणाची मुलगी?’ असे कदापि विचारू नये. पीडित व्यक्तीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आपले कुतूहल तिला त्या गुन्ह्याकडे ढकलते. दुसरी गोष्ट तडजोडीची. ‘मिटवून टाका, घराण्याची अब्रू जाईल’ हा निरोप तिच्यामार्फत धाडू नये आणि दुसऱ्या कोणी धाडला तर त्याला साथ देऊ नये. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. ते न कळविणे शिक्षेस पात्र आहे. हे कर्तव्य एकट्या कार्यकर्तीचे नाही, तुमचे आमचे आहे.

तिसरी गोष्ट घरगुती मदतीची. न्यायालयाच्या तारखेला तिच्या मुलांना शाळेतून आणणे, उशीर झाल्यास तिला घरी सोडणे, आजारी पडल्यास डबा पोहोचविणे, ही कामे महिला मंडळ किंवा शेजारची दोन घरे सहज करू शकतात. त्यासाठी तिला प्रकरणाविषयी एक शब्दही बोलावा लागत नाही. चौथी गोष्ट ऐकण्याची. धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रशिक्षित समुपदेशक यांनी अशा सेविकांसाठी महिन्यातून एखादी बैठक ठेवावी, जेथे नावे न घेता मनाचा भार उतरविता येईल. पंथ व धर्म यांचा भेद तेथे नसावा, कारण जखमेला धर्म नसतो.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःच्या घराची. ख्रिस्तसभेतही असे अपराध घडले आणि झाकले गेले, हे जगभर उघड झाले आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या आदेशानुसार प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था असणे आवश्यक आहे. ती व्यवस्था कोठे आहे व तेथे कोणाशी बोलावे, हे प्रत्येक धर्मग्रामात सूचनाफलकावर लिहिलेले असावे. जी भगिनी बाहेर पीडितांसाठी झटते, तिला आपल्याच मंदिरात सत्य बोलण्याचे भय वाटू नये.

आज रात्रीही या जिल्ह्यात कोठेतरी कोणाचे तरी दार वाजेल आणि कोणीतरी उठून चपला पायांत घालील. ती दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारच्या बाकावर येऊन बसली, तर तिला काही विचारू नका. तिच्यासाठी जागा करा, तिच्या घरी चूल पेटली आहे ना एवढे पाहा, आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा पाहा.